पाहणीकडून भागीदारीकडे

पिंपळे सौदागर म्हटले की आज उंच इमारती, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरदार आणि संध्याकाळची वाहतूक कोंडी डोळ्यांसमोर येते. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने या गावाची घर न् घर, वावर न् वावर पाहणी केली आणि १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यातला आकडा पुढे अर्थशास्त्राच्या असंख्य पुस्तकांत उद्धृत झाला. १९२१ मध्ये मॅन आणि एन. व्ही. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील ग्रामपाहणीची परंपरा येथून सुरू होते. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली ती नावारूपाला आणली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची त्यांची पाहणी आजही वाचनीय आहे.

या अभ्यासांचे मोल मी कमी लेखणार नाही. शेतकरी आळशी म्हणून गरीब, असे सर्रास बोलले जात असताना मॅन यांनी जमिनीचे तुकडे मोजून दाखवले, कर्जाचा हिशोब मांडला. पण या सगळ्या लेखनात गाव काय करते? ते उत्तरे देते. प्रश्न काढणारा बाहेरचा, नोंदी करणारा बाहेरचा, निष्कर्ष काढणारा बाहेरचा आणि ग्रंथाची भाषाही बाहेरची. गेल्या पन्नासएक वर्षांत शिक्षणसंस्था आणि समाज यांच्या संबंधांवर जे संशोधन झाले, त्याचा सारा प्रवास प्रश्न कोणी विचारायचा या एका मुद्द्याभोवती झाला आहे, असे मला वाटते. मी काही वर्षे महाविद्यालयात शिकवले, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत सात-सात दिवस खेड्यांत राहिलो. हे संशोधन मी त्या चष्म्यातून वाचत आलो, हे आधीच सांगितलेले बरे.

‘भागीदारी’ हा शब्द सध्या शासकीय परिपत्रकांत नव्या शोधासारखा वापरला जातो, तेव्हा थोडे हसू येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षणसंस्था मुळात समाजानेच उभ्या केल्या. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालवली. तेथे संस्थेने समाजाशी जोडून घेण्याचा प्रश्नच नव्हता. संस्था समाजाच्याच पिठावर जगत होती. पुढे अनुदान आले, वेतनश्रेणी आल्या, भिंती आल्या आणि गावाचे आपल्या शाळेशी असलेले नाते हळूहळू सातबाऱ्यापुरते उरले. तुटलेले नाते पुन्हा जोडण्यासाठी मग योजना लागतात.

संशोधनपद्धतीतील पहिले मोठे वळण १९७०च्या दशकात आले, आणि ते युरोप-अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांतून नव्हे, तर टांझानिया, कोलंबिया, भारत अशा देशांतून आले. दारेसलाम विद्यापीठात मार्या-लिसा स्वान्त्झ आणि बड हॉल यांना खेड्यांत प्रश्नावली घेऊन फिरताना जाणवले की लोकांकडे केवळ माहिती नाही, विश्लेषणही आहे. कोलंबियात ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी विद्यापीठीय समाजशास्त्राची चौकट सोडून शेतकरी चळवळीबरोबर काम केले. १९७७ मध्ये कार्ताहेना येथे भरलेल्या परिषदेने ‘सहभागी कृतिसंशोधन’ या विचाराला जागतिक ओळख दिली. पाठीशी पाउलो फ्रेरे होतेच. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने भरून घ्यायचे असा व्यवहार नसतो, हे त्यांचे म्हणणे संशोधनालाही लागू पडले. आपल्याकडे पालघर परिसरातील आदिवासींच्या भूमिसेनेवर जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विग्नराजा यांनी १९७९ मध्ये लिहिलेला अभ्यास या प्रवाहातला एक मूलभूत दस्तऐवज मानला जातो. काळूराम धोदडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ती चळवळ जगभरच्या सहभागी संशोधनाच्या वाचनयादीत आहे. मराठी विद्यापीठांच्या वाचनयादीत ती मला क्वचितच दिसली.

त्याच पट्ट्यात याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडकांनी एक प्रयोग केला होता. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला त्यांनी पाहिले की आदिवासी मूल शाळेत येत नाही. मग शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला. याला तेव्हा कोणी संशोधन म्हटले नाही. पण १९९२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फंड्स ऑफ नॉलेज’, म्हणजे घराघरांतील ज्ञानाचा साठा, ही कल्पना मांडली, तेव्हा तिचे नाते कोसबाडच्या अंगणाशी सहज जुळावे. मोल यांच्या अभ्यासात टूसॉन शहरातील शाळांचे शिक्षक स्वतः संशोधक झाले. मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांत ते गेले. ‘पालक लक्ष देत नाहीत’ हे सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर या घरांना काय काय येते हे शिकण्यासाठी. एक मुलगा मेक्सिकोतून आणलेली मिठाई शेजाऱ्यांत विकतो, हे शिक्षिकेला कळले. तिने त्या मिठाईवर वर्गात एक पूर्ण घटक रचला. गणित आले, घटकपदार्थांची तुलना आली, आणि एक पालक आई वर्गात येऊन मिठाई करून दाखवू लागली तेव्हा शिक्षिका विद्यार्थ्यांत जाऊन बसली. ऊसतोड कामगाराच्या मुलाला कोयता, मोळी, टनाचा भाव आणि उचल यांचे जे गणित येते, ते आपल्या पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे, हा प्रश्न हे वाचताना मला पडल्याशिवाय राहत नाही.

शाळा आणि विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत तो सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ-प्राध्यापक उन्हाळ्यात तेथे येऊन खेड्यातील शिक्षकांबरोबर बसत. विज्ञान प्रयोग करून शिकायचे, उत्तर पुस्तकात छापायचे नाही, परीक्षेला पुस्तक सोबत न्यायचे. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे शाळांची संख्या हजारावर गेली. प्राध्यापकांनी लिहिलेला पाठ शिक्षक वर्गात करून पाही, चुकला की तसे सांगे, आणि पाठ बदले. पदवी नसलेल्या शिक्षकाने पीएच.डी. झालेल्याचा मसुदा परत पाठवावा, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेत आजही कल्पनेपलीकडची गोष्ट आहे.

२००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. बंद करण्याची शिफारस जिल्हा नियोजन समितीची होती. आमची मुले बोर्डाच्या परीक्षांत मागे पडतात, अशी तक्रार होती. शास्त्रज्ञांनी, शिक्षणतज्ज्ञांनी देशभरातून निषेध केला. तो योग्यच होता. तरी या शेवटाकडे मी संशोधनाचा प्रश्न म्हणून पाहतो. नियोजन समितीतले लोकही त्या जिल्ह्यातलेच, निवडून आलेले. मग समाज म्हणजे कोण? प्रयोगात रमलेला शिक्षक, बोर्डाच्या गुणांची काळजी करणारा पालक, की ठराव करणारा लोकप्रतिनिधी? ‘समाजाशी भागीदारी’ असे आपण एकवचनात म्हणतो तेव्हा वाड्या, जाती, बायका-पुरुष, जमीन असलेले आणि नसलेले हे सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जातात. महाविद्यालय गावात जाते तेव्हा पहिली खुर्ची सरपंचाला, दुसरी सोसायटीच्या अध्यक्षाला; चर्चा मंदिरासमोर होते आणि वस्तीवरचा माणूस रस्त्यापलीकडे उभा राहून ऐकतो, हे शिबिरांत मी इतक्यांदा पाहिले आहे की त्यात आता नवल उरलेले नाही. अलीकडच्या संशोधनात भागीदारीच्या आतील सत्तासंबंधांवर जो भर आहे, तो याच अनुभवातून आला. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसते गुंडाळणे, वर लोकांच्या हाती निर्णय. आपले बहुतेक उपक्रम मधल्या पायऱ्यांवर, सल्ला घेतल्याच्या दिखाव्यापाशी थांबतात.

आरोग्यक्षेत्रात ही शिडी अधिक वर चढली गेली, आणि तिथे गडचिरोलीचे नाव घ्यावेच लागते. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ ही रूढ अर्थाने शिक्षणसंस्था नव्हे. पण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात उतरले आणि तिथे बदलत गेले, म्हणून हे उदाहरण येथे येते. त्यांचे सुरुवातीचे एक संशोधन सिकलसेल या रक्तदोषावर होते. शास्त्रीयदृष्ट्या ते महत्त्वाचे होते, पण लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्नच नव्हता, हे डॉ. बंग यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतर ऐकण्यास सुरुवात झाली. गावातील स्त्रियांच्या न बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांवरचा जो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो दोन गावांतील ६५० स्त्रियांचा होता. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. गरीब देशांतील स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही जागतिक समजूत त्या दोन गावांनी हलवली.

पण मला त्याहून विलक्षण वाटते ती मण्यांची गोष्ट. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे मिनिटातील श्वास मोजून कळते. दाईने ते ओळखावे तर तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही, बारापर्यंत येते. विद्यापीठातला माणूस येथे साक्षरता वर्गाचा प्रस्ताव लिहील. गडचिरोलीत एक साधन तयार झाले, एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरावीक मणी ओलांडला गेला, तर बाळ आजारी. दोन ओळी कशाला? दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याची ओळ वेगळी. ज्ञान कोणाकडे किती आहे हे न मोजता, असलेल्या ज्ञानाला पुरेल असे साधन घडवणे, ही भागीदारीची मला सापडलेली सर्वांत नेमकी व्याख्या आहे. पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्ती जी नवजात बाळाच्या घरी भेट देते, तिच्या कामाचे एक मूळ येथे आहे.

दुसऱ्या बाजूची कथा ॲरिझोनाचीच. ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई या छोट्या जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार होते. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी की हे मधुमेहासाठी आहे. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, जमातीच्या स्थलांतराचा अभ्यास झाला. आपण याच दरीतून जन्मलो, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना आपलेच रक्त आपल्याविरुद्ध साक्ष देते आहे असे कळले. २००४ मध्ये ते न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर आणि उरलेले रक्त परत. या प्रकरणानंतर संशोधननीतीची भाषा बदलली. एकेका व्यक्तीने सही केली म्हणजे संमती झाली, हे पुरेसे राहिले नाही; समूहाचीही संमती असते, हा विचार रुजला. कॅनडातील मूलनिवासी राष्ट्रांनी १९९८ मध्येच आपल्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा आपल्याकडे असावा हे तत्त्व मांडले होते. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांचा या विषयावरचा ग्रंथ १९९९चा. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था या साध्या शब्दांत ती लिहिली आहे. संशोधकाने काय पाळावे हे आता ज्यांच्यावर संशोधन होते ते सांगू लागले.

आपल्याकडे याला सर्वांत जवळ गेलेला प्रयत्न म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अनेक राज्यांत महाविद्यालयीन शिक्षक-विद्यार्थ्यांना गावकऱ्यांबरोबर बसवून गावातील वनस्पती, मासे, वाणे, त्यांचे उपयोग आणि त्यांच्याविषयीच्या इच्छा-अपेक्षा नोंदवून घेतल्या. २००२च्या जैवविविधता कायद्याने याला कायदेशीर रूप आले. कल्पना सुरेख होती: वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला लॅटिन नाव ठाऊक, आजीला ती भाजी कोणत्या पावसानंतर कोणत्या बांधावर येते ते ठाऊक, नोंदवहीत दोघांची सही. मग कामाला गती यावी म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरण्याचा इशारा दिला. नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. घाईत लिहिलेल्या नोंदवहीत आजीचा बांध कितीसा येणार? ज्या कामात एक वर्षातले सगळे ऋतू बघावे लागतात, ते मार्चअखेरच्या हिशोबासारखे उरकले की आकडा भरतो आणि ज्ञान निसटते.

शिक्षणसंस्थांच्या बाबतीतही हाच धोका दिसतो. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना, २०१४चे उन्नत भारत अभियान, नॅकच्या मूल्यांकनातील ‘विस्तार’ हा घटक आणि आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसहभागाला मिळणारे श्रेयांक अशी ही चढती भाजणी आहे. उन्नत भारतमध्ये संस्थेने किमान पाच गावे निवडायची असतात, आणि आपण त्याला सर्रास ‘गाव दत्तक घेणे’ म्हणतो. हा शब्द मला नेहमी खटकतो. शिवकाळापासून नांदत आलेले गाव पंचवीस-तीस वर्षांच्या महाविद्यालयाने दत्तक घ्यायचे, म्हणजे नातवाने आजोबांना मांडीवर घेण्यासारखे झाले. मुंबईच्या आयआयटीत ‘सितारा’ या १९८५ पासूनच्या केंद्रात मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी वाट दाखवली. नळयोजना असूनही पाड्यावर उन्हाळ्यात टँकर का येतो, हा प्रश्न त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यासविषय म्हणून घेतला. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिल्ह्याचे पाणी, रस्ते, एसटी यांचा अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह आहे. सेवा म्हणून नव्हे, तर स्वतःचा विषय नीट शिकण्यासाठी. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळकरी मुलांबाबत हेच केले: मुले वेल्डिंग, वीजजोडणी, माती परीक्षण शिकत आणि ते काम गावाला करून देत.

गावाला, वस्तीला या सगळ्याचे काय वाटते, हे विचारणारे संशोधन फार उशिरा सुरू झाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन परिसरात रँडी स्टोएकर आणि एलिझाबेथ ट्रायन यांनी साठाहून अधिक स्थानिक संस्था-कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. २००९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. विद्यार्थी काही आठवड्यांसाठी येतात, त्यांना शिकवण्यात आमचाच वेळ जातो, काम हाताशी येते तोवर सत्र संपते, अशी बहुतेकांची तक्रार होती. आपल्याकडे असा व्यापक अभ्यास व्हायला हवा. तो कशाकशापाशी जाऊन पोहोचेल, याचा थोडा अंदाज मला शिबिरांतल्या गप्पांवरून आहे. सत्र जूनमध्ये उघडते तेव्हा पेरणी, परीक्षा संपते तेव्हा काढणी. महाविद्यालयाला मोकळा वेळ असतो तेव्हा गावाला नसतो. शिक्षकाची बदली होते, विद्यार्थी दरवर्षी नवा, आणि प्रश्नावली मात्र तीच. ‘सर, मागच्या वर्षीच्या पोरांनी पण हेच विचारलं होतं,’ असे म्हणणारी बाई उत्तरे मात्र पुन्हा सगळी देते, कारण पोरे लांबून आलेली असतात.

यात भाषेचा एक पदर आहे, आणि साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडलाच पाहिजे. मुलाखत मराठीत होते, अहिराणीत, गोंडीत, वारलीत होते. प्रबंध आणि शोधनिबंध बहुधा इंग्रजीत होतात, कारण गुण तिथे मिळतात. ज्या गावातून माहिती आली त्या गावाला वाचता येईल असा चार पानी अहवाल ग्रामपंचायतीत ठेवणे याला कोणत्याही मूल्यांकनात वेगळे गुण नाहीत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने यावर स्वतःचा मार्ग काढला तो अभ्यासगटाचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून जंगल, कायदा, मध, बांबू यांवर वाचत, बोलत. निर्णय मात्र ग्रामसभेत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, त्यामागे या अभ्यासाची वर्षे होती. तिथे अभ्यासविषय गाव ठरवत होते, प्राध्यापक पाहुणा होता, आणि चर्चा ज्या भाषेत व्हायची ती भाषा गावाची होती.